छोट्या भट्टीसाठी तेल निवडताना

ॲल्युमिनियम, पितळ किंवा कासं वितळवून लहान वस्तू ओतणारे बहुतेक जण तेल घेताना आधी लिटरचा भाव विचारतात. गॅरेजमधलं जळकं ऑइल सगळ्यात स्वस्त, फर्नेस ऑइल त्याच्या वर, डिझेल त्याहून महाग. धंदा बारीक असला की हा हिशेब समजण्यासारखा आहे. तरीही ओतकामाच्या भट्टीपुरतं सांगायचं तर लिटरचा भाव सगळ्यात शेवटी बघावा. त्याआधी दोन गोष्टी ठाऊक हव्यात. हे तेल कुठून आलं आणि त्यात काय मिसळलेलं आहे, ही पहिली. एक किलो धातूचा रस करायला आपली भट्टी किती तेल पिते, ही दुसरी. ही दोन्ही उत्तरं हाताशी असतील तर स्वच्छ इंधन परवडतं. नसतील तर स्वस्त तेलही महाग पडतं, आणि त्या महागाईचा मोठा वाटा शेजाऱ्यांच्या छातीत जातो.

मी हैदराबादच्या बरकतपुऱ्यातून लिहितो आहे, म्हणून आधी अशा वस्तीत राहणाऱ्यांसाठी. काचीगुडा, बरकतपुरा, नारायणगुडा या पट्ट्यात मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. अंगणाची जुनी घरं जाऊन आता बहुतेक ठिकाणी चार-पाच मजली इमारती आहेत. दवाखाने, वसतिगृहं, शिकवणीवर्ग, भविष्यनिर्वाह निधीचं कार्यालय, सगळं एकमेकांना चिकटून. इथून जवळच गनफाउंड्री आहे. निजामाच्या चाकरीतल्या रेमंड या फ्रेंच सेनानीने १७९५ मध्ये तिथे तोफा ओतण्याचा कारखाना उभा केला. लोक त्याला ‘तोप का सांचा’ म्हणत. त्याच वर्षी खर्ड्याच्या लढाईत रेमंडच्या पलटणी मराठ्यांसमोर होत्या. कारखान्याची जागा मुसी नदीच्या उत्तरेला, तेव्हाच्या तटबंदीबाहेर होती. आज तीच जागा भर शहरात आहे, आणि तटाबाहेरची ती मोकळी जमीन कुठेच उरलेली नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं कुठल्याच तेलाच्या बाजूचं नाही. बरकतपुऱ्यासारख्या वस्तीत, गच्चीवर, जिन्याखाली किंवा पार्किंगमध्ये, तेलावरची भट्टी लावूच नये; ते तेल कितीही शुद्ध असो. तेलाची ज्योत सुरुवातीची काही मिनिटं आणि बंद करतानाची काही मिनिटं धूर सोडतेच. घरी देवाच्या लहान मूर्ती, पदकं, कडी-कोयंडे असं काही ओतायचं असेल तर विजेची छोटी भट्टी घ्या. सराफ वापरतात त्या भट्ट्या घरच्या जोडणीवर चालतात आणि साधारण ११०० अंश सेल्सिअसपर्यंत जातात. घेताना एक लक्षात ठेवा: त्यांच्या मुशीची क्षमता सोन्याच्या किलोत सांगितलेली असते. तीन किलो सोनं मावणाऱ्या मुशीत पितळ सव्वा किलोच्या आसपास बसतं आणि ॲल्युमिनियम जेमतेम चारशे ग्रॅम. आपल्या वस्तूचं वजन आधी काढा, मग भट्टी घ्या. याहून मोठं काम असेल तर ते बालानगर, जीडिमेटला, चेर्लापल्लीसारख्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये, उंच चिमणी असलेल्या भट्टीतच व्हायला हवं. पुढचं सगळं त्या शेडमधल्या ओताऱ्यासाठी आहे.

आता तेलांकडे. जळक्या ऑइलपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याने होतं. इंजिनात घालायच्या तेलात झीज रोखण्यासाठी जस्त आणि फॉस्फरसची संयुगं असतात, मळ सुटा ठेवण्यासाठी कॅल्शियमची. गाडी हजारो किलोमीटर धावली की त्यात लोखंड, तांबं, बेअरिंगमधलं शिसं असं झिजलेलं धातूचं पीठ उतरतं. गॅरेजवाला त्याच पिंपात ब्रेक धुतलेलं द्रावण, कूलंट, कधी ट्रान्सफॉर्मरचं जुनं तेलही ओततो. यातलं बरंचसं ज्वाळेत नाहीसं होत नाही. धातू राख होऊन काही चिमणीतून वर जातात, काही मुशीतल्या रसावर बसतात. द्रावणात क्लोरीन असेल तर जळताना त्याची विषारी संयुगं तयार होतात. मोठ्या कारखान्याच्या चिमणीला गाळणी असते; आपल्या भट्टीला कसलीच नसते.

कायदाही याच्या विरोधात आहे. घातक आणि इतर कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांत वापरलेल्या तेलाचे दोन भाग केलेले आहेत. पुन्हा शुद्ध करता येण्याजोगं तेल नोंदणीकृत शुद्धीकरण कारखान्याकडेच गेलं पाहिजे. जे त्या लायकीचं उरलेलं नाही तेच, तेही शिसं, आर्सेनिक, हॅलोजन यांच्या मर्यादा पाळत असेल आणि जाळणाऱ्याकडे परवानगी असेल, तर इंधन म्हणून चालतं. यामागचा विचार मला पटतो. इंजिन ऑइल पुन्हा शुद्ध केलं तर त्यातून पुन्हा वंगण मिळतं. भट्टीत घातलं की ते एकदाच जळतं आणि संपतं. तेव्हा ‘टाकाऊ तेल वापरतो, म्हणजे पर्यावरणाला मदतच करतो’ हे समर्थन जळक्या ऑइलला लागू पडत नाही.

फर्नेस ऑइलची अडचण गंधकाची. आपल्याकडच्या फर्नेस ऑइलमध्ये दोन ते चार टक्के गंधक असू शकतं. चार टक्के धरलं तर १०० किलो तेलात ४ किलो गंधक, आणि ते जळून ८ किलो सल्फर डायऑक्साइड. भारत स्टेज ६ प्रतीचं डिझेल १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळतं. त्यात गंधक दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग, म्हणजे तेवढ्याच तेलातून साधारण २ ग्रॅम. आठ किलो आणि दोन ग्रॅम, हे दोन आकडे शेजारी ठेवले की शेजाऱ्यांचा घसा का खवखवतो ते वेगळं सांगावं लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये दिल्लीलगतच्या उत्तर प्रदेश, हरियाणा आणि राजस्थान या राज्यांत फर्नेस ऑइल आणि पेट कोक वापरण्यावर बंदी आणली, ती याच कारणाने. ओताऱ्याचं स्वतःचंही नुकसान आहे. तांब्याच्या रसात गंधक शिरलं की थिजताना वायू सुटतो आणि ओतीव वस्तू सच्छिद्र निघते. जड तेलातल्या व्हॅनेडियमची राख सातशे अंशांच्या आतच वितळते आणि भट्टीचं अस्तर खात सुटते. लाइट डिझेल ऑइल, म्हणजे बाजारातलं एलडीओ, यापेक्षा बरं. पण त्यातही गंधक अर्धा ते पावणेदोन टक्के सापडतं. तात्पुरती सोय म्हणून ठीक, मुक्कामाचं ठिकाण म्हणून नाही.

टायर हवेविना तापवून काढलेलं पायरोलिसिस तेल हैदराबादभोवती सहज मिळतं आणि ‘हिरवं इंधन’ म्हणून विकलंही जातं. टायरच्या रबरात गंधक घातलेलंच असतं, ते तेलात उतरतं. वास उग्र, प्रत दर पिंपाला वेगळी. उघड्या छोट्या भट्टीत ते जाळू नये.

मग राहतं वनस्पती तेल, आणि मला खरी आशा तिथे वाटते. पण कुठलंही वनस्पती तेल नाही. दुकानातलं ताजं खाद्यतेल भट्टीत ओतणं चूक आहे. आपला देश खाद्यतेलाचा मोठा भाग बाहेरून आणतो. त्यातलं बरंच पाम तेल, आणि त्याच्या मळ्यांसाठी इंडोनेशिया-मलेशियात जंगलं तोडली गेली. असं तेल जाळून काहीच शाश्वत होत नाही. भट्टीला शोभतं ते तळणीतून उतरलेलं, पुन्हा खाण्यात जाऊ नये असं तेल.

ते या शहरात भरपूर आहे. मिरची भजीच्या गाड्या, समोशांचे इराणी हॉटेलवाले, बिर्याणीसोबत तळणीचे पदार्थ देणारी मोठी हॉटेलं, मिठाईवाले. तळून तळून तेलात ध्रुवीय संयुगं वाढतात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल स्वयंपाकात वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. त्याच वर्षी १० ऑगस्टला, जागतिक जैवइंधन दिनी, प्राधिकरणाने वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची ‘रुको’ योजना सुरू केली. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्या हॉटेलांनी त्याची नोंद ठेवायची आणि ते अधिकृत संकलकालाच द्यायचं, असंही बंधन आहे. ओताऱ्याने ही व्यवस्था मोडू नये. हॉटेलच्या मागच्या दाराने डबे उचलण्यापेक्षा संकलकाकडून पावतीने घ्या. पावतीमुळे तेलाचा माग राहतो, आणि कुणी ते तेल पुन्हा खाद्यतेलात मिसळून विकत नाही याचीही खात्री राहते. मला स्वतःला हा दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो.

तळणीच्या वापरलेल्या तेलात गंधक जवळजवळ नसतं. त्यातला कार्बन झाडाने अलीकडेच हवेतून घेतलेला असतो, जमिनीखालून उपसलेला नसतो. पेट घेण्याचं तापमान अडीचशे अंशांच्या वर, त्यामुळे साठवायला डिझेलपेक्षा निर्धोक. उष्मांक किलोमागे ३७ मेगाज्यूलच्या आसपास, डिझेलपेक्षा साधारण सात-आठ भागांतला एक भाग कमी. एवढे गुण असूनही ते थेट बर्नरमध्ये घालता येत नाही, आणि इथेच बरेच जण कंटाळून पुन्हा जळक्या ऑइलकडे वळतात.

पहिली अडचण पाण्याची. तळणीच्या तेलात ओलावा आणि मिठाचे, बेसनाचे कण असतात. पिंप उंचावर ठेवून आठवडाभर हलवू नका. पाणी आणि गाळ तळाशी बसला की तळाची तोटी सोडून तो काढून टाका, आणि वरचं तेल आधी कापडातून, मग बारीक फिल्टरमधून गाळा. पाणी उरलं की नाही ते पाहायला चमचाभर तेल गरम कढल्यात टाका. तडतडलं तर अजून थांबा. पाण्याचा थेंब तापलेल्या बर्नरमध्ये गेला तर त्याची क्षणात वाफ होते, ज्योत विझते आणि परत पेटताना भडका उडतो.

दुसरी अडचण घट्टपणाची. ४० अंशांना डिझेलची चिकटता दोन ते साडेचार सेंटिस्टोक, वनस्पती तेलाची पस्तीस-चाळीस. अशा तेलाचे बारीक तुषार होत नाहीत. मोठे थेंब भट्टीत जातात, अर्धवट जळतात आणि काजळी धरतात. हॉटेलांतून येतं ते बहुधा पामोलीन. हैदराबादच्या डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे ते पिंपातच थिजतं. म्हणून बर्नरपर्यंत जाणारं तेल ९० ते १०० अंशांपर्यंत तापवावं लागतं. तेव्हा चिकटता एक आकडी होते. भट्टीच्या बाहेरच्या पत्र्याभोवती तेलाच्या नळीचे वेढे दिले तर हे काम वाया जाणाऱ्या उष्णतेवर होतं. नळी लोखंडाची किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या. वापरलेल्या तेलातली आम्लं तांब्या-पितळेच्या जोडांना खातात, आणि तांब्याच्या संगतीत तेल लवकर डिंकासारखं होतं.

तिसरी गोष्ट सुरुवातीची. थंड भट्टीत वनस्पती तेल कधीही सोडू नका. अर्धवट जळलं की त्यातून ॲक्रोलीन नावाचा वायू सुटतो. फोडणी करपल्यावर डोळ्यांना झोंबतो तोच. आधी एलपीजीवर, व्यावसायिक सिलिंडर वापरून, अस्तर लालसर दिसेपर्यंत भट्टी तापवा, मग तेल थोडं थोडं सोडा. बंद करताना आधी तेल, मग थोडा वेळ डिझेल घालून नळी धुवा, आणि ब्लोअर सगळ्यात शेवटी.

ब्लोअरवरून एक गोष्ट, जी मी प्रत्येक शेडमध्ये आवर्जून सांगतो. तेलाची टाकी उंचावर आणि तेल आपल्या वजनाने खाली येणारं असेल, तर वीज गेल्यावर ब्लोअर थांबतो, तेल मात्र येतच राहतं. तापलेल्या भट्टीच्या तळाशी त्याचं तळं साचतं, त्याची वाफ कोंडते, आणि वीज आल्यावर ब्लोअर फिरला की स्फोट होतो. तेलाच्या नळीवर विजेवर चालणारा, वीज जाताच आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह बसवा आणि त्याची जोडणी ब्लोअरच्याच लाइनवर घ्या. हा खर्च टाळण्यासारखा नाही.

या सगळ्या खटपटीपेक्षा सोपं हवं असेल तर बायोडिझेल. वापरलेल्या तेलावर मिथेनॉलची प्रक्रिया करून ते बनतं. ते डिझेलइतकं पातळ नसलं तरी जवळपास तेवढंच वाहतं, आणि डिझेलच्या बर्नरमध्ये किरकोळ फेरफार करून चालतं. शुद्ध बायोडिझेलसाठी आयएस १५६०७ हे मानक आहे. त्यानुसार पेट घेण्याचं तापमान किमान १०१ अंश हवं. पुरवठादाराकडे त्या मानकाचा चाचणी अहवाल मागा, आणि तो तुम्ही घेत असलेल्या लॉटचाच आहे ना ते पाहा. बायोडिझेलच्या नावाखाली भलतंच औद्योगिक तेल विकल्याच्या तक्रारी महाराष्ट्रात आणि गुजरातेत झालेल्या आहेत. साध्या रबराच्या नळ्या बायोडिझेलने फुगतात आणि फाटतात. त्याला टिकणाऱ्या फ्लुओरोरबराच्या नळ्या आणि वॉशर बसवा. घरी बायोडिझेल करायच्या नादाला मात्र लागू नका. मिथेनॉल विषारी आहे, त्याची ज्योत दिवसा दिसत नाही, आणि उरलेल्या ग्लिसरिनचं करायचं काय हा प्रश्न सुटत नाही.

तळणीच्या तेलाखेरीज भट्टीला चालण्यासारखं आणखी एक वनस्पती तेल म्हणजे करंजाचं. त्याबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण हे झाड आपल्या मुलखाचं आहे. दख्खनच्या पडीक जमिनीवर, रस्त्याकडेला ते वाढतं. शेंगवर्गीय असल्याने जमिनीत नत्र धरतं, बियांचं तेल खाण्याचं नाही आणि पेंडीचं खत होतं. म्हणजे अन्नाशी कसलीच स्पर्धा नाही. महाराष्ट्राला लागून असलेल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात, जैनूरजवळच्या पॉवरगुडा या गोंड वस्तीतल्या बायकांच्या बचत गटाने करंजाची झाडं लावली आणि तेल काढायचा घाणा चालवला. पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेची त्याला साथ होती. २००३ मध्ये जागतिक बँकेने या गावाकडून १४७ टन कार्बन डायऑक्साइडइतकी बचत विकत घेतली. त्याच परिसरात उशेगावला डोकरा पद्धतीने, म्हणजे मेणाचा नमुना वितळवून, पितळ ओतणारे कारागीर आहेत. आदिलाबादच्या डोकऱ्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एकाच टापूत तेल काढणारे हात आणि धातू ओतणारे हात असणं ही मोठी संधी आहे, आणि ती कुणीतरी हाती घ्यावी असं मला मनापासून वाटतं. डोकरा कारागिरांना आपला जळणाचा रिवाज सोडायला सांगावं असं मी म्हणत नाही; पण जिथे पितळ मुशीत वेगळं वितळवलं जातं तिथे करंजाच्या तेलाचा छोटा बर्नर लावून पाहता येईल. तेल आणि बायोडिझेलवर हैदराबादेत, तार्नाक्याच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत, वर्षानुवर्षं काम झालेलं आहे. तिथल्या जाणकारांना गाठणं बरकतपुऱ्यातल्या माणसाला अजिबात अवघड नाही.

कोकणातून आणि गोव्यातून काजूच्या टरफलाच्या तेलाबद्दल विचारणा होते. त्याचा उष्मांक वनस्पती तेलापेक्षा जरा चढाच असतो आणि कारखान्यात ते मिळतंही. पण ते कातडीला फोड आणतं, तापवताना नळीत थिजून गोंद होतं आणि धूर अंगाला लागतो. बंद चूल, चांगला बर्नर आणि सवयीचा माणूस असेल तरच ते घ्यावं. छोट्या ओताऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता भट्टीकडे, कारण अर्धी लढाई इथे जिंकता येते. २० किलो ॲल्युमिनियम खोलीच्या तापमानापासून साडेसातशे अंशांपर्यंत न्यायला प्रत्यक्षात लागते ती उष्णता जेमतेम २३ मेगाज्यूल. वनस्पती तेलाच्या हिशेबाने पाऊण लिटरहूनही कमी. पण मुशीच्या छोट्या भट्टीची कार्यक्षमता दहा टक्के असेल तर सात लिटरच्या आसपास तेल जातं. बाकीचं सगळं धुरातून, भिंतीतून आणि उघड्या तोंडातून बाहेर. झाकण नीट बसवलं, विटांऐवजी हलकं उष्णतारोधक अस्तर केलं, मूस आणि भिंत यांमध्ये ज्योत गोल फिरेल अशी जागा ठेवली, पहिल्या घाण्यानंतर भट्टी थंड न होऊ देता लागोपाठ तीन-चार घाणे घेतले, तर कार्यक्षमता दुप्पट करता येते, आणि तेल निम्म्यावर येतं. महाग असलेलं स्वच्छ तेल परवडायला लागतं ते असं. सिरॅमिक लोकरीचं अस्तर केलंत तर तिच्यावर उष्णतारोधक लेप नक्की द्या. तिचे सुटे तंतू फुप्फुसात जाणं वाईट.

इंधन बदलायचं तर भट्टीही बदलावी लागते, हे आग्र्याच्या ओतकाम कारखान्यांनी दाखवून दिलं. ३० डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालाच्या परिसरातल्या २९२ उद्योगांना कोळसा-कोक सोडून नैसर्गिक वायूवर या किंवा परिसराबाहेर जा, असा आदेश दिला. बिडाच्या फौंड्र्या कोकच्या क्युपोलावर, म्हणजे उभ्या भट्टीवर, चालत होत्या. नुसती वायूची नळी जोडून ते जमण्यासारखं नव्हतं. त्यासाठी कोकविना चालणारा वायूचा क्युपोला वेगळा घडवावा लागला. कोल्हापूर-इचलकरंजीकडच्या वाचकांना हे सांगायला नको. बीड ओतायला रस चौदाशे अंशांजवळ न्यावा लागतो आणि तिथे विजेची इंडक्शन भट्टीच योग्य. मुशीखाली तेल जाळून बीड करण्याच्या फंदात पडू नये.

धूर वाचायला शिका. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा तेल जास्त. तेलाच्या भट्टीतून पांढरा, झोंबणारा धूर म्हणजे तेल न जळताच निघून जातंय, भट्टी थंड आहे. एक किलो वनस्पती तेलाला साडेबारा किलोच्या आसपास हवा लागते, वर दहा-वीस टक्के जास्तीची. झाकणाच्या भोकातून छोटी, स्थिर जीभ दिसावी. हातभर ज्वाळा बाहेर येत असेल तर तेवढं तेल तुम्ही आभाळ तापवायला वापरता आहात. पितळ वितळवताना मात्र एक पांढरा धूर असा असतो की त्याचा इंधनाशी संबंधच नाही. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि त्याची वाफ हवेत पांढरी भुकटी होऊन उडते. ती हुंगली की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. कुठलंही तेल आणलंत तरी हा धूर थांबणार नाही. रस गरजेपेक्षा जास्त तापवू नका, रसावर थर धरणारं द्रव्य (फ्लक्स) टाका, आणि भट्टीवर खेचणारा हूड बसवा.

ॲल्युमिनियमच्या वस्तूंत सुईच्या टोकाएवढी छिद्रं निघतात, त्याचाही दोष तेलावर ढकलला जातो. ती छिद्रं हायड्रोजनची, आणि तो येतो पाण्याच्या वाफेतून. एलपीजी जाळल्यावर तर तेवढ्याच उष्णतेमागे वनस्पती तेलापेक्षा जास्त वाफ निघते. तेव्हा गॅसवर गेल्याने छिद्रं आपोआप जात नाहीत. मूस झाकून ठेवा, भंगार कोरडं करून घाला, रस तयार झाल्यावर तसाच तापत ठेवू नका आणि ओतण्याआधी नायट्रोजन किंवा आरगॉन सोडून वायू काढा.

गॅस आणि वीज यांच्याबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर, जिथे भाग्यनगर गॅसची पाइपलाइन शेडपर्यंत पोचते तिथे तेलापेक्षा तीच बरी. काजळी कमी, साठवण नाही. वीज भट्टीजवळ सगळ्यात स्वच्छ, आणि छोट्या भट्टीत निम्म्याहून जास्त उष्णता धातूला मिळते. पण तेलंगणातली बरीच वीज सिंगरेणीच्या कोळशावर होते, हे विसरून चालणार नाही. छतावर सौर पॅनेल असलेल्या शेडला विजेची भट्टी उत्तम. ज्यांच्याकडे पाइपलाइन नाही, वीजजोड वाढवून मिळत नाही आणि घाणा वीस-तीस किलोचा आहे, अशांसाठी माझी निवड स्पष्ट आहे: चाचणी झालेलं बायोडिझेल पहिलं, नीट गाळून-तापवून घेतलेलं तळणीचं तेल दुसरं, भारत स्टेज ६ चं डिझेल तिसरं. त्यापुढे जायची वेळ आली तर काम बाहेर करून घ्यावं.

आगीची तयारी ठेवा: कोरड्या पावडरचं नळकांडं आणि कोरडी वाळू हाताशी, पाणी लांब. तेलाने भिजलेल्या चिंध्या ढिगात टाकू नका. सोयाबीन, सूर्यफूल तेलाच्या चिंध्या आपोआप तापून पेटतात. त्या झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवा. आणि भट्टी चालवायची तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्या. अर्जात इंधनाचं नाव लिहावं लागतं. लिहिलेलं इंधन आणि जाळलेलं इंधन एकच असू द्या.

ओतकामाशी ज्यांचा संबंध नाही अशा वाचकांनाही एक विनंती. दिवाळीचा फराळ तळून उरलेलं तेल मोरीत ओतू नका. बरकतपुऱ्यातल्या, काचीगुड्यातल्या सोसायट्यांनी गेटपाशी एक झाकणाचा डबा ठेवावा, महिन्याकाठी अधिकृत संकलकाला बोलवावं आणि पावती सूचनाफलकावर लावावी. हे यंदाच्या दिवाळीपासूनच सुरू करा.